नावाचे खिळे

असाहेल व्हिटकम हे नाव मी पहिल्यांदा जुळवलं
ते हरवलेल्या गायीच्या जाहिरातीत.
लाल गाय, एक शिंग मोडकं, आणून देणाऱ्यास दोन डॉलर,
खाली त्याच्या बापाच्या चामड्याच्या कारखान्याचा पत्ता.
मी अकरा वर्षांची. खोक्यावर उभी राहून
बाबांच्या छापखान्यात खिळे उचलायचे.
गाय सापडली का, आठवत नाही.

खिळ्यांत सगळं उलटं वाचावं लागतं.
सवय झाली की माणसंही वाचता येतात, बाबा म्हणायचे.
मला अजून नीट जमत नाही.

छत्तीस साली तो राज्याच्या विधानसभेला उभा राहिला.
मतपत्रिका तेव्हा पक्षच छापून घेई;
एका रात्रीत नऊशे, शाई ओली असतानाच गठ्ठे बांधले.
कोर्टाच्या पायरीवर सायडरचं पिंप
आणि पिंपाशेजारी तो,
ओकच्या सालीनं तपकिरी झालेले हात पुढे करून.
पुढे तो हातमोजे घालू लागला.

कालवा आणीन म्हणाला, आणला.
सतरा मैल, चार पाणदारं. ते मी नाकारणार नाही.
काठावर तापानं गेलेले आयरिश मजूर
आमच्याकडे छापायला कधी आलेच नाहीत.

मग वॉशिंग्टन.
भाषणं इतकी लांब यायची की मोठा डब्ल्यू झिजला,
सिनसिनाटीहून सहा नवे मागवावे लागले.

पन्नासचा सप्टेंबर.
पळून आलेल्या गुलामांना धरून परत देण्याचा कायदा,
आणि कुणी कसं मत दिलं त्याची यादी.
'हो'मध्ये शोधलं. 'नाही'मध्ये शोधलं.
खाली बारीक टाइपात तिसरी यादी होती.
घसा कोरडा पडला म्हणून
पाणी प्यायला बाहेर गेला होता, असं नंतर कळलं.

चौकात अ‍ॅब्सलम टेटचं केशकर्तनालय.
फळीवर व्हिटकमचा स्वतःचा साबणाचा मग,
त्यावर सोनेरी अक्षरांत नाव.
ऑक्टोबरातल्या एका मंगळवारी दुकान उघडलं नाही.
वस्तरे नव्हते. खुर्ची होती, मग होता.
टेट, त्याची बायको, दोन मुलं, एक पोटातलं,
सरोवरापलीकडे, कॅनडात, असं लोक म्हणाले;
म्हणजे तशी आशा करत होते.
जाहिरातीचे पंचाहत्तर सेंट त्यानं आगाऊ भरले होते.
म्हणून नोव्हेंबर संपेपर्यंत मी छापत राहिले:
गरम पाणी, स्वच्छ टॉवेल, सकाळी सातपासून.

वारा फिरला. नवा पक्ष आला.
व्हिटकम गुलामगिरीवर बोलू लागला,
आणि बोलायचा छान, खोटं कशाला सांगू,
मागच्या बाकावरचे शेतकरी डोळे पुसायचे.
मी जुळवलं, स्वल्पविरामासकट.
एकदा राज्याचा खजिनदार झाला.
गव्हर्नरपदाची उमेदवारी पंधराव्या फेरीत
अकरा मतांनी गेली.
शेवटी गावचा पोस्टमास्तर.

एकदा तिकीट देता देता त्यानं विचारलं,
"टेटचं काही कळलं का गं?"
नाही म्हटलं.
"हात फार हलका होता त्याचा,"
आणि हनुवटीवरून बोट फिरवत राहिला,
रांग मागे ताटकळली तरी.

चौऱ्याहत्तरच्या मार्चमध्ये गेला.
मृत्युलेख माझ्या भाच्यानं लिहिला, तो आता संपादक:
कर्तव्याच्या घडीला हा माणूस कधीच गैरहजर नव्हता.
'कधीच'साठी आमचा शब्द पाच अक्षरांचा.
त्यातला पहिला एन मी उलटा बसवला.
उलटा एन यूसारखा दिसतो,
आणि शब्द शब्द राहत नाही.

आठशे प्रती गेल्या. कुणाचं पत्र आलं नाही.
छापखान्याची चूक, एवढंच वाटलं असेल,
किंवा तेवढंही नाही.

दुसऱ्या दिवशी मजकूर सोडला,
डब्ल्यू डब्ल्यूच्या घरात, एन एनच्या.
वीस मिनिटं लागली.
मग गुरुवारचे बाजारभाव घेतले:
ओट, लोकर, कच्चं चामडं.